गुरू करावा पारखून

पाणी प्यावे गाळून आणि गुरू करावा पारखून, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. पाणी गाळण्याची युक्ती प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. गुरू पारखावा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. गेल्या चैत्रात एके संध्याकाळी दांडिया बाजारातील आमचे एक जुने स्नेही आपल्या कन्येला घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे येऊन बसला. बडोद्याच्या मराठी घरांत मुलीला घेऊन कोणी संध्याकाळचे आले की विषय बहुधा स्थळाचा असतो. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच समजुतीने पोहे टाकले. परंतु स्नेह्यांनी बसल्याबसल्या सांगितले, “स्थळ नको आहे, शिक्षक हवा आहे. जपानी भाषेचा.”

कन्या अभियांत्रिकीची पदवीधर. जपानशी कामकाज असलेल्या एका कारखान्यात कागदपत्रांची भाषांतरे करते. गुजराथेत जपानी उद्योगांचे येणे-जाणे वाढल्यापासून, आणि मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेची २०१७ मध्ये पायाभरणी झाल्यापासून, आपल्या गावातही या भाषेची विचारपूस होऊ लागली आहे. तिच्या कारखान्यात दुभाष्याची जागा निघणार होती. तिच्यासाठी अट एकच, ‘एन-१’ची परीक्षा उत्तीर्ण हवी. जागा मिळाली तर मुलगी गावातच राहणार. न मिळाली तर परगावी जाणे आले. आणि इकडे आईचे पाय अधू, घरात दुसरे कोणी नाही. तेव्हा प्रश्न केवळ प्रमाणपत्राचा नव्हता.

ज्या वाचकांचा या परीक्षेशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. जपानी भाषेची ही प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० मध्ये तिची पुनर्रचना होऊन चाराच्या पाच पायऱ्या झाल्या. एन-५ ही सर्वांत खालची आणि एन-१ ही सर्वांत वरची. गुण १८०, ते तीन भागांत साठ-साठ वाटलेले: शब्द व व्याकरण, वाचन, आणि श्रवण. एन-१ उत्तीर्ण होण्यास एकंदर १०० गुण लागतात; पण प्रत्येक भागात किमान १९ पडलेच पाहिजेत. आमच्या स्नेह्यांच्या कन्येने आदल्या डिसेंबरात पुण्यास मावशीकडे राहून परीक्षा दिली होती. शब्द व व्याकरणात ५०, वाचनात ४२, श्रवणात १७. बेरीज १०९, आणि निकाल अनुत्तीर्ण! वडिलांना हे काही केल्या पटेना. “शंभरावर नऊ गुण अधिक पडूनही नापास, हा कुठला न्याय?” असे ते चार जणांना विचारत होते. कन्या मात्र खाली मान घालून म्हणाली, “काका, न्याय बरोबर आहे. मला ऐकू येतं, पण कळत नाही.”

एन-२ पर्यंत तिला शिकवले ते तिच्या पेठेतील एका निवृत्त अभियंत्यांनी. ते काही वर्षे जपानात राहून आलेले. आपल्या ओटीवर बसून चार-पाच मुलांना विनामूल्य शिकवतात. जपानी वर्णांचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे, आणि तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला, हे पहिल्याच दिवशी सांगून ते मुलांची भीती घालवतात. कांजी म्हणजे लुगड्यांना घालायची खळ नव्हे, चीनकडून आलेली अक्षरे, हा त्यांचा ठरलेला विनोद. निकालाचा कागद पाहून ते गृहस्थ तिला म्हणाले, “अगं, इथपर्यंत मी तुला आणलं. पुढचं मलाच धड येत नाही. दुसरं कुणी शोध. मात्र घाईनं शोधू नकोस.” आपली मर्यादा शिष्यापुढे अशी उघड करणारे शिक्षक आम्ही आयुष्यात फार थोडे पाहिले. हे ऐकले तेव्हाच त्यांच्याविषयी आमचा आदर दुणावला.

मग शोध सुरू झाला. जपानीतला आमचा अधिकार शून्य. परंतु निवडीच्या कामात एक तिऱ्हाईत जवळ असावा, म्हणून आम्हांलाही बोलावणे येई. पहिली भेट एका शिकवणी-वर्गाच्या चालकांशी झाली. त्यांनी ‘उत्तीर्ण होण्याची हमी’ दिली, आणि गेल्या वर्षीची खरी प्रश्नपत्रिका व अधिकृत शब्दयादी आपल्यापाशी असल्याचे सांगितले. कन्येने नम्रपणे विचारले, “सर, पण प्रत्येक वर्षीच्या प्रश्नपत्रिका तर प्रसिद्धच होत नाहीत ना?” खरी गोष्ट तीच आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी २०१२ आणि २०१८ मध्ये अधिकृत सरावसंच प्रसिद्ध केले आहेत, आणि २०१० नंतरच्या परीक्षेची शब्दांची अथवा कांजींची अधिकृत यादी त्या देत नाहीत. चालक गडबडले. आम्ही चहा न घेता उठलो.

दुसरी भेट संगणकाच्या पडद्यावरून झाली, एका जपानी बाईंशी. बोलणे अत्यंत मृदू, वागणे सौजन्याचे. वाक्य चुकले की त्या हसून म्हणत, “असे आम्ही म्हणत नाही.” का म्हणत नाही, असे विचारले की त्या विचारात पडत. त्यांचा यात दोष नव्हता. ‘मी भात खाल्ला’ आणि ‘मी भात जेवलो’ यांत नेमका भेद काय, असे परक्याने आपल्याला विचारले तर आपण तरी काय सांगणार? मातृभाषा येणे निराळे, ती शिकवता येणे निराळे. तिसरा एक हुशार तरुण, स्वतः एन-१ पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला. “मी तर नुसते कार्यक्रम बघत गेलो आणि जमलं,” असे तो म्हणाला. जो कधी अडला नाही, त्याला अडलेल्याची वाट दिसत नाही, हे आम्हांला त्या दिवशी उमगले.

चौथ्या बाई पुण्याच्या. पुण्यात जपानीच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे; विद्यापीठातही ही भाषा शिकवली जाते. या बाईंनी पुष्कळ वर्षे दुभाषाचे काम केलेले. त्यांनी हमी दिली नाही, की शुल्काचे बोलणे आधी काढले नाही. “तुझी चुकलेली उत्तरं घेऊन ये; बरोबर आलेली मला नकोत,” एवढेच म्हणाल्या. पुढच्या शनिवारी पडद्यावर भेटल्यावर त्यांनी श्रवणाचा एक उतारा एकदाच लावला, कारण परीक्षेत तो एकदाच ऐकवतात, आणि म्हणाल्या, “ऐकता ऐकता तुझ्या मनात जे येईल ते मोठ्यानं बोल.” कन्या बोलू लागली, ती इंग्रजीत. पहिले वाक्य तिने नीट फिरवून मांडले, दुसरे अर्धे राहिले, आणि तिसरे निसटून गेले. बाईंनी उतारा थांबवला.

“घरी कुठली भाषा बोलतेस?”

“मराठी, मॅडम.”

“मग ऐकताना इंग्रजीच्या दारात का उभी राहतेस?”

कारण साधे होते. तिची सगळी पाठ्यपुस्तके इंग्रजीतून लिहिलेली, शाळाही इंग्रजी माध्यमाची. बाईंनी एक वाक्य लिहून दाखवले: ‘किनोऽ कात्ता होन वा मादा योन्दे इनाइ.’ त्याखाली मराठी लिहिले: ‘काल विकत घेतलेले पुस्तक अजून वाचलेले नाही.’ किनोऽ म्हणजे काल, कात्ता म्हणजे विकत घेतलेले, होन म्हणजे पुस्तक, मादा म्हणजे अजून. शब्दामागून शब्द त्याच क्रमाने चाललेला. क्रियापद शेवटी आणि नकार सर्वांत शेवटी. हेच वाक्य इंग्रजीत न्यायचे तर शेपटाकडून उचलून डोक्याकडे आणावे लागते. वाचताना त्याला सवड असते, ऐकताना नसते. ही मुलगी प्रत्येक वाक्य संपेपर्यंत थांबत होती आणि मग ते उलटे करत होती. तोवर पुढचे वाक्य निघून जाई. शब्द कमी पडत नव्हते, व्याकरण कमी पडत नव्हते. वर्षभर ती शब्दांच्या याद्या पाठ करीत बसली होती, आणि खोट होती भलतीकडेच.

बाईंनी मग आणखी दाखवले. जपानीतील ‘शिते मिरु’ म्हणजे आपले ‘करून बघणे’, ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’, ‘शिते शिमाउ’ म्हणजे ‘करून टाकणे’, ‘शिते मोराउ’ म्हणजे ‘करून घेणे’. हे प्रयोग तिला ठाऊक होतेच. पण त्यांना जोडलेले इंग्रजी अर्थ तीन-तीन ओळींचे होते. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. “म्हणजे जपानी बायकासुद्धा भाजी चिरून ठेवतात म्हणा की,” असा अभिप्राय त्यांनी दिला, आणि पडद्यापलीकडच्या बाईही हसल्या.

परंतु या साम्यावर विसंबू नये, असेही बाईंनी बजावले. आपण ‘दिले’ म्हणतो ते सर्वांना एकच. तिकडे आपण दुसऱ्याला देणे आणि दुसऱ्याने आपल्याला देणे यांस वेगळी क्रियापदे आहेत. आपण परक्यापुढे ‘बाबा आले आहेत’ असे स्वतःच्या वडिलांनाही आदरार्थी बोलतो. तिकडे परक्याशी बोलताना आपल्या घरच्या माणसांना आदर लावत नाहीत, त्यांना खालच्या पायरीवर ठेवूनच बोलतात. श्रवणाच्या एका भागात प्रश्न आणि तिन्ही पर्याय केवळ ऐकवले जातात, कागदावर काही छापलेले नसते. तिथे कोण कोणाशी बोलतो आहे, हे आदराच्या रूपांवरून क्षणात ओळखावे लागते. “मराठी ही शिडी आहे,” त्या म्हणाल्या, “माडीवर पोहोचल्यावर शिडी खांद्यावर घेऊन हिंडायचं नसतं.”

उपचार ठरला तो जुनाच, आपल्याकडील संथेसारखा. रोज पाऊण मिनिटाचा एक उतारा. ध्वनी कानी पडताच मागोमाग तसाच्या तसा म्हणायचा, अर्थ न करता. मग लिहून काढायचा. मग पुन्हा म्हणायचा. शनिवारी बाईंपुढे म्हणून दाखवायचा. जुलैची परीक्षा बाईंनी देऊ दिली नाही. वडील थोडे नाराज झाले. कारखान्याने जागा वर्षअखेरपर्यंतच थांबवून ठेवली आहे. “अपुऱ्या तयारीनं दोनदा नापास होण्यापेक्षा एकदाच बसू दे,” असे बाई त्यांना स्पष्ट म्हणाल्या. आम्हांला हा स्पष्टपणाही आवडला.

ज्यांच्या घरी अशा वरच्या परीक्षेचा विद्यार्थी आहे, त्यांच्यासाठी आमची अल्पस्वल्प शिकवण अशी. शिक्षकाकडे जाताना गुणपत्रिकेबरोबर चुकलेली उत्तरे न्यावीत. बरोबर पर्याय कोणता, हे कोणीही सांगेल. उरलेले पर्याय का चुकीचे, हे जो समजावील त्याच्याकडे राहावे. हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. या परीक्षेत बोलणे व लिहिणे तपासले जात नाही. तेव्हा हवे आहे ते संभाषण की परीक्षा, हे पहिल्या भेटीतच सांगावे. आणि एक महिना झाला की स्वतःलाच विचारावे: माझी खोट कोणती, ते मला आता सांगता येते का? येत नसेल, तर शिक्षक बदलावा. पहिल्या पायरीवर शिक्षक आपल्याला ठाऊक नसलेले देतो. वरच्या पायरीवर आपण कुठे अडतो, ते त्याने हुडकून काढावे लागते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा आहे. निकाल काय लागेल, ते आम्ही सांगू शकत नाही. दिवाळीत कन्या फराळाला आली तेव्हा ओटीवरच्या त्या वृद्ध अभियंत्यांनाही घेऊन आली होती. हल्ली ती रविवारी त्यांच्याकडे जाते आणि बाईंनी दिलेला उतारा त्यांनाही म्हणायला लावते. “आता ही माझी मास्तरीण,” असे ते चकली मोडत म्हणाले. आणि लागलीच कानाला हात लावून, परवाचे दुसरे वाक्य कसे होते, असे तिला विचारू लागले.