२४ चिता आणि एक प्रश्न : मृतांची ओळख पटवायला पोलिसांकडे माणसे आहेत का?

२ जुलै २०२३ रोजी बुलडाण्यात एकाच वेळी २४ जणांवर अंत्यसंस्कार झाले. आदल्या दिवशी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्सची बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला उलटली आणि पेटली. ३३ जणांपैकी २५ जण जळून गेले, ८ वाचले. देह इतके जळाले होते की आईलाही लेकरू ओळखता येईना. डीएनए तपासणीला काही दिवस लागतील, असे सांगून प्रशासनाने नातेवाइकांशी चर्चा केली आणि सामूहिक अंत्यसंस्काराचा निर्णय झाला. त्याच दिवशी मुंबईत राजभवनावर नव्या मंत्र्यांचा शपथविधी सुरू होता. चॅनेलवाल्यांचे कॅमेरे बुलडाण्यावरून मुंबईकडे वळायला वेळ लागला नाही.

त्या वेळी चर्चा झाली ती रस्त्याची, चालकाच्या डुलकीची, टायर फुटला की नाही याची. ती व्हायलाच हवी होती. पण समोरची चिता आपल्याच माणसाची आहे की दुसऱ्याच्या, हे ठाऊक नसताना एखाद्या बापाला हात का जोडावे लागले, हा प्रश्न मागेच राहिला.

आता दुसरे उदाहरण पाहा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. तिथेही देह जळालेलेच होते. पण नातेवाइकांचे रक्तनमुने घेतले गेले, गांधीनगरच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम चालले आणि दोन-अडीच आठवड्यांत सर्वांची ओळख पटली, त्यातील बहुतेकांची डीएनएवरून. तिथेही सगळे निर्दोष झाले असे नाही. चुकीचे अवशेष मिळाल्याची तक्रार काही ब्रिटिश कुटुंबांच्या वकिलांनी पुढे केली. तरीही मनात आणले तर शासन काय करू शकते, हे तिथे दिसले. मग विमानाच्या प्रवाशाला जे मिळते ते ट्रॅव्हल्सच्या प्रवाशाला का नाही? विमानात बसणाऱ्याचे नाव, वय, ओळखपत्र नोंदलेले असते. ट्रॅव्हल्सच्या यादीत बहुतेकदा एक नाव आणि एक मोबाईल नंबर असतो. वाटेत चढलेल्याचे तेही नसते. म्हणजे विषमता मरणाच्याही पुढे माणसाचा पाठलाग करते.

ओळख पटवणे म्हणजे काय, हे समजून घेऊ. जगभर यासाठी इंटरपोलची पद्धत मानली जाते. तिचे चार टप्पे आहेत : घटनास्थळी प्रत्येक देहाला क्रमांक देऊन नोंद करणे, शवागारात तपासणी, नातेवाइकांकडून माहिती घेणे आणि शेवटी दोन्हींचा मेळ घालणे. खात्रीची साधने तीन : बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कपडे, अंगठी, गोंदण, जुन्या ऑपरेशनची खूण यांचा उपयोग होतो, पण त्या पूरक खुणा. नुसता चेहरा पाहून ओळखणे सर्वांत धोक्याचे, कारण दुःखात बुडालेला माणूस घाईत कुणालाही आपला म्हणतो. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच मृतांच्या व्यवस्थापनावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कागदावर सगळे आहे. प्रश्न तो कागद रात्री दीड वाजता कोण उघडणार, याचा आहे.

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे या. आमच्या तालुक्याचा भार मुख्यतः बोराखेडी आणि धामणगाव बढे या दोन ठाण्यांवर आहे. शेजारच्या मलकापुरात २९ जुलै २०२३ रोजी, म्हणजे समृद्धीच्या घटनेला महिनाही झाला नव्हता तेव्हा, महामार्गाच्या उड्डाणपुलावर दोन खासगी बस समोरासमोर धडकून सहा जण गेले. अशा रात्री ठाण्यातल्या माणसांना एकाच वेळी काय काय करावे लागते? जखमींना हलवणे, रस्ता मोकळा करणे, गर्दी आवरणे, पंचनामा, मृतांचे सामान सील करणे, घरच्यांना फोन, शवागाराबाहेर बंदोबस्त आणि सकाळ झाली की मंत्र्यांचा बंदोबस्त. १ जानेवारी २०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात एक लाख लोकांमागे सुमारे १९५ पोलिसांची पदे मंजूर होती, प्रत्यक्षात होते सुमारे १५६. म्हणजे पाचातली एक खुर्ची रिकामी.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबासोबत मी रात्री एका सरकारी रुग्णालयात गेले होते. अपघातातला मृतदेह ओळखायचा होता. एकच हवालदार होता. तोच पंचनामा लिहीत होता, तोच गाडीवाल्याशी वाद घालत होता आणि तोच त्या बाईला सांगत होता, "ताई, एकदा नीट बघून घ्या." चादर बाजूला करणारा कर्मचारी हातमोज्यांशिवाय काम करत होता. त्या बाईला बसायला खुर्ची नव्हती. पहाटे तो हवालदार टपरीवर चहाचा कप हातात धरून नुसता बसून राहिला होता. त्याला कुणी विचारले नाही, बाबा रे, तू ठीक आहेस का? शवागारात राबणारी माणसे बहुधा आपल्याच वस्त्यांतली असतात. त्यांनाही कुणी विचारत नाही.

ओळख पटली नाही तर पुढे काय होते? नाव नसेल तर मृत्यूचा दाखला अडतो. दाखला नसेल तर विमा, वारस नोंद, नुकसानभरपाई, सगळे अडते. देहच सापडला नाही तर कायद्याने सात वर्षे वाट पाहावी लागते, नाहीतर शासनाच्या खास निर्णयावर अवलंबून राहावे लागते. जुलै २०२३ मध्येच रायगडच्या इर्शाळवाडीत दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ती आदिवासी ठाकरांची वाडी. आणि धम्माच्या दृष्टीनेही हा प्रश्न आहे. ओळखच नसेल तर त्रिसरण-पंचशील कुणासाठी, दफन कुणाचे, अग्नी कुणाला, हे कोण ठरवणार? संविधानाच्या कलम २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क मृत्यूनंतरही संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तो हक्क बेघराचाही आहे आणि बसमध्ये झोपलेल्या मजुराचाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, तालुका ठाण्यांतील रिक्त पदे भरा आणि प्रत्येक ठाण्यात निदान दोघांना मृतांच्या ओळखीचे प्रशिक्षण द्या, त्यातली एक महिला असावी. दुसरी, बुलडाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील न्यायवैद्यक विभागाला जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात स्पष्ट जबाबदारी, शीतपेट्या आणि नमुने घेण्याचे साहित्य द्या. तिसरी, खासगी ट्रॅव्हल्सला प्रत्येक प्रवाशाचे नाव व जवळच्या नातेवाइकाचा नंबर नोंदवणे सक्तीचे करा. चौथी, हे काम केलेल्या पोलिसांना आणि शवागार कर्मचाऱ्यांना समुपदेशन व पगारी विश्रांती द्या.

आणि आपण काय करायचे? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात तीन गोष्टी विचारा : आपल्या ठाण्यात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि मृतांच्या ओळखीबाबत आराखड्यात काय लिहिले आहे. आलेले उत्तर विहारात वाचा, पोलीस पाटलांना आणि सरपंचांना दाखवा. दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी शिस्तीत सांभाळणारे समता सैनिक दलाचे तरुण आपल्याकडे आहेत. दुर्घटनेनंतर नातेवाइकांजवळ बसणे, खुणांचा फॉर्म भरून घेणे, त्यांना पाणी देणे, हे काम ते पोलिसांच्या देखरेखीखाली करू शकतात. मृतदेहाला हात लावणे, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणे मात्र कुणीही करू नये. पोलिसांशी आपले भांडण जुने आहे आणि अन्यायाविरुद्ध ते चालूच राहील. पण रिकाम्या खुर्चीशी भांडून न्याय मिळत नाही. ती खुर्ची भरा म्हणणे हाही आपल्याच लढ्याचा भाग आहे.

बुलडाण्यातल्या त्या २४ जणांना आता नावे परत देता येणार नाहीत. पुढची बस निघायच्या आधी अर्ज मात्र टाकता येईल.

जय भीम.