किडकिडीत पोरांच्या रक्तातली साखर

शुगर म्हणजे पैसेवाल्यांचा आजार, अशी समजूत आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही घट्ट आहे. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत काय किंवा नव्या वस्तीत काय, पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या किडकिडीत पोराकडे बोट दाखवून 'याचीही शुगर तपासून घ्या' असे कोणी म्हटले तर लोक हसतील. शुगर व्हायला आधी पोटभर खायला तर मिळाले पाहिजे, असे म्हणतील. ही समजूत खोटी आहे. ती खोटी असल्याचा पुरावा याच महाराष्ट्रातून पुढे आलेला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांमध्ये गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी-कष्टकरी घरांतल्या बाया होत्या. त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या पोटी जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे याच तुलनेत ३.५ किलोची भरली. आपली बाळे लहान होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त टिकून होती. म्हणजे दिसायला वाळकी, आतून मात्र चरबीची. ही मुले १८ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली आणि ते निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ३७ टक्के मुले आणि १८ टक्के मुली यांच्या शरीराला साखर पेलत नव्हती. जवळजवळ सगळेच मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे होते. डॉक्टर या अवस्थेला प्रीडायबेटिस म्हणतात. आणि याच तरुणांपैकी ४८ टक्के कमी वजनाचे होते! लठ्ठपणाचे नावही नाही, आणि साखर मात्र वाढलेली.

असे का होते, हे आपल्या माय-माऊल्यांनी समजून घेतले पाहिजे. आईच्या पोटात बाळाला पुरेसे अन्न मिळाले नाही तर शरीर मेंदूला जपते आणि बाकीच्या अवयवांना कमी देते. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाची ताकद जन्मापासूनच तोकडी राहते. साखर जाळणारे स्नायूही कमी पडतात. पुढे वयात येताना शरीराची इन्सुलिनची गरज वाढते, तेव्हा ही तोकडी शिदोरी पुरत नाही. पुण्याच्या अभ्यासात ज्यांची साखर १८ व्या वर्षी बिघडलेली आढळली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा वरच होती. म्हणजे आजार तरुणपणी आला, असे म्हणता येत नाही. तो आईच्या रिकाम्या ताटातून आला. ज्या समाजाच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत कमी जेवल्या, त्या समाजाच्या लेकरांना ही वारसाहक्काने मिळालेली इस्टेट आहे. जातीने आम्हाला जमीन दिली नाही, पण भूक मात्र रक्तातून दिली.

आता बडनेऱ्याकडे पाहू. हे जंक्शनचे गाव. एके काळी इथे कापड गिरणी होती, महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. गिरणी बंद पडली आणि गिरणी कामगाराचा नातू आज बांधकामावर, हमालीवर किंवा मिळेल त्या रोजावर जातो. आई पहाटे कामाला निघते. पोर चहात टोस्ट बुडवून शाळा-कॉलेज गाठते, दुपारी दहा रुपयांची कचोरी किंवा पाच रुपयांचे पाकीट फोडते. संध्याकाळी भात आणि पातळ रस्सा. पोट भरते, अंग भरत नाही. आपल्या आजोबांच्या ताटात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी होती. वऱ्हाडाच्या शेतात सोयाबीन आले आणि ज्वारी हटली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य हक्काचे केले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले, हे चांगलेच झाले. पण त्या कायद्यात डाळीचा हक्क नाही. नुसत्या तांदळावर आणि मैद्यावर वाढणाऱ्या देहाला प्रथिने कोठून मिळणार?

जी स्वस्त प्रथिने होती, ती व्यवस्थेने एकेक करून काढून घेतली. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंपर्यंत वाढवण्यात आला. दलित-मुस्लिम गरिबांच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस गेले. २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्या अंड्याचा पैसा थांबवला आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे सांगितले. ज्यांच्या सणाला जेमतेम तेल येते, त्यांनी वर्गणी काढायची! शिवाय हा पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. म्हणजे ज्या वयात पोराची उंची वाढते आणि पोरीची पाळी सुरू होऊन रक्त कमी होते, नेमक्या त्याच वयात सरकार ताट उचलून घेते. नववीपासून बारावीपर्यंतच्या पोरांना भूक लागत नाही, असे शासनाला वाटते काय?

काही पंडित म्हणतात, हा सवयींचा प्रश्न आहे, गरिबांनी जीभ आवरावी. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर, हे मुलांना कळावे, याला आमचा विरोध नाही. पण फलक वाचून पोट भरत नाही. पाच रुपयांत अंडे येत नाही, पाकीट येते. ही निवड पोराची नाही, बाजाराची आहे. अमेरिकेतसुद्धा पिट्सबर्गच्या संशोधकांनी किशोरवयीनांची आकडेवारी तपासली, तेव्हा ज्या घरात अन्नाची शाश्वती नाही आणि उत्पन्न कमी आहे, तिथे प्रीडायबेटिस अधिक आढळला. श्रीमंत देशातही साखरेचा आजार गरिबाचेच दार ठोठावतो. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पंधरा राज्यांच्या पाहणीने २०१७ मध्येच दाखवले की महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेह वरच्या थरापेक्षा खालच्या थरात अधिक आहे.

मग तपासणीचे काय? केंद्र सरकारच्याच २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत दहा ते एकोणीस वयोगटातील दहापैकी एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. त्याच पाहणीत या वयातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने रोड होती. हा अहवाल सरकारच्या कपाटात आहे. तरीही असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, दात, डोळे, कान, त्वचा बघते, पण त्या तीस व्याधींच्या यादीत मधुमेह नाही. सहाव्या वर्षी दिसू शकणारी खूण आम्ही तिसाव्या वर्षापर्यंत शोधायचीच नाही, असा हा कारभार आहे. तोवर डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा यांना इजा सुरू झालेली असते. आणि रोजंदारीवरच्या माणसाचा पाय गेला की घराची चूल गेली.

वास्तविक ही अवस्था परतवता येते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल तर तो इशारा आहे, शिक्षा नव्हे. डाळ, अंडी, पालेभाजी, भाकर, रोजचा खेळ आणि पुरेशी झोप यांनी साखर खाली येऊ शकते. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पोषण आहार बारावीपर्यंत न्या आणि अंड्याचा निधी परत द्या. रेशनवर तूरडाळ आणि ज्वारी द्या. शाळेच्या आरोग्य तपासणीत दहा वर्षांपुढील मुलांची साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. वसतिगृहांच्या भोजनाचा दर्जा तपासा. स्वाधार योजनेचा हप्ता वेळेवर द्या, कारण तो हप्ता म्हणजे घरापासून दूर शिकणाऱ्या पोराचे जेवण आहे. गरोदर बाईचे ताट भरा, म्हणजे पुढची पिढी वाचेल.

पण केवळ शासनाकडे बोट दाखवून चळवळीची जबाबदारी संपत नाही. १४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात आणि बडनेऱ्याच्या वस्त्यावस्त्यांत आपण प्रेमाने शरबत, बुंदी आणि थंड पेयांच्या बाटल्या वाटतो. त्याऐवजी ताक, उकडलेले चणे आणि अंडी वाटली तर जयंतीचा उत्साह कमी होणार आहे काय? रक्तदान शिबिराच्या मंडपात पोरापोरींच्या साखर तपासणीचे एक टेबल लावायला फार खर्च लागत नाही. आपल्या डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ बांधवांनी वर्षातून दोन रविवार द्यावेत. बुद्धविहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोलावे. लेकीच्या ताटात मुलाइतकेच वाढले जाते की नाही, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने ग्रासलेले होते. विद्यार्थीदशेत लंडनला अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला आणि अखेरच्या वर्षांत याच आजाराने त्यांचे शरीर पोखरले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, कारण शिकणाऱ्या पोराला आधी निवारा आणि जेवण लागते, हे त्यांना ठाऊक होते. 'शिका' म्हणणाऱ्या चळवळीला शिकणाऱ्याच्या ताटाकडे पाठ फिरवता येणार नाही. येत्या जयंतीला बडनेऱ्यात पहिले टेबल लागू द्या. जयभीम!