विश्लेषण : स्थूल मुलांसाठी पीटीच्या तासाला जोर-बैठका का हव्यात?

पीटीच्या तासाला मैदानाच्या फेऱ्या सुरू झाल्या की वजनदार मुले मागे पडतात. बाकीचे हसतात आणि पुढच्या वेळी पोटदुखीचे कारण निघते. ज्यांना व्यायामाची गरज सर्वाधिक, तीच मुले त्यापासून दुरावतात. ताकद आणि तोल यांचे व्यायाम इथे उपयोगी ठरतात.

पुण्यातील संशोधन काय सांगते?
केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील माता-बालकांचा अभ्यास १९९३मध्ये सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांत चरबी तुलनेने टिकून होती, स्नायू मात्र कमी होते. म्हणजे आपल्याकडे प्रश्न फक्त जास्त चरबीचा नाही, कमी स्नायूंचाही आहे. रक्तातील साखर वापरण्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, म्हणून मधुमेह टाळण्यासाठीही ते महत्त्वाचे.

तोल का जातो?
वजन वाढते, पण त्या प्रमाणात पायांची ताकद वाढत नाही. एका पायावर उभे राहणे, उडी मारणे अवघड होते. गुडघ्यांवर भार येतो, पडण्याची भीती बसते आणि मूल खेळणे टाळते.

व्यायाम किती हवा?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल करावी. आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम हवेत. म्हणजे धावणे बंद करायचे नाही, त्याला जोड द्यायची आहे.

मैदान नसेल तर?
भिंतीला हात टेकून जोर, बाकावरून उठबस, आखलेल्या रेषेवरून चालणे हे व्हरांड्यातही जमते. मल्लखांबाची आणि १९२४पासूनच्या महाराष्ट्रीय मंडळाची परंपरा असलेल्या पुण्याला हे नवे नाही. अडचण वेगळीच आहे. शाळेत उठाबशा शिक्षा म्हणून काढायला लावल्या, तर मुलांना तो व्यायाम वाटणार कसा?

उंची खुंटते का?
नाही. प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली, वयानुसार केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही. दमा किंवा सांधेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यश कसे मोजायचे?
वर्गासमोर वजन करून नव्हे. वाढत्या वयात उंची वाढत असताना वजन स्थिर राहणे हीसुद्धा प्रगतीच असते. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांत लहान मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळण्याची चाचणी आहेच. गेल्या महिन्यात १० सेकंद उभे राहणारे मूल आज २० सेकंद उभे राहिले, तर ते त्याला स्वतःला कळते. आहाराकडे लक्ष द्यावेच लागेल. पण त्यासाठी आधी पीटीचा तास गणिताला न देता पीटीलाच मिळायला हवा.