बारावा गडी नव्हे, बारावा होल!

पंढरपुरात गोल्फ? हसू नका मंडळी. गावात गोल्फ कोर्स नसला म्हणून काय झालं, केबल तर आहे! एप्रिलमध्ये 'मास्टर्स' सुरू झाली की रविवारी रात्री रिमोट माझ्याकडे. आई म्हणते, ''एवढासा चेंडू आणि केवढी ती शांतता! कीर्तनातसुद्धा कुणी इतकं गप्प बसत नाही.''

ही शांतता सगळ्यात जास्त जाणवते ती बाराव्या होलवर. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलच्या 11, 12 आणि 13 या होल्सना 'आमेन कॉर्नर' म्हणतात. 1958 मध्ये हर्बर्ट वॉरन विंड या पत्रकाराने दिलेलं हे नाव. त्यातला बारावा दिसायला एकदम सोपा. अंतर फक्त 155 यार्ड, म्हणजे 142 मीटरच्या आसपास. क्रिकेटच्या दोन बाउंड्री जोडल्या की झालं! पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत काम फत्ते.

मग घोडं अडतं कुठे? ग्रीन रुंद आहे, पण खोली अगदी कमी. पुढे 'रेज क्रीक' हा ओढा, मागे बंकर. चेंडू जरा कमी पडला की उतारावरून घरंगळत थेट पाण्यात. त्यात उंच झाडांमधून वारा गोल गोल फिरतो. 2016 मध्ये जॉर्डन स्पीथकडे नऊ होलनंतर पाच फटक्यांची आघाडी होती. दहाव्या-अकराव्यावर थोडी गळती झाली आणि बाराव्यावर दोन चेंडू पाण्यात! तीनचं काम सात फटक्यांत. जॅकेट डॅनी विलेटला.

आमची चंद्रभागा अशीच फसवी. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर दिसतं, पण वाळूउपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. ज्याला नदी ठाऊक आहे, तो जवळचा रस्ता सोडून वळसा घालतो.

2019 मध्ये टायगर वुड्सने नेमकं हेच केलं. झेंडा उजवीकडे, पाण्याच्या तोंडाशी. आघाडीवरचा मोलिनारी, शिवाय केप्का, फिनाउ, पोल्टर, सगळ्यांचे चेंडू ओढ्यात. टायगरने झेंड्याकडे पाहिलंच नाही. ग्रीनच्या डाव्या, सुरक्षित बाजूला चेंडू टाकला, पार घेतला आणि 43व्या वर्षी पाचवं ग्रीन जॅकेट घातलं.

आपल्याही ऑफिसात असा बारावा होल असतोच की! ओळखीचा क्लायंट, पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन, 'हे काय, असंच करून टाकू'. मोठ्या प्रोजेक्टला आपण आठवडाभर घाम गाळतो आणि अशा छोट्या कामात पाय घसरतो. तेव्हा बॉसच्या 'वाहव्वा'वर नेम धरण्यापेक्षा आधी काम कोरड्या जमिनीवर उतरवा.

अर्थात, एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असंही नाही. 2020 मध्ये त्याच टायगरने याच होलवर तीन चेंडू पाण्यात घालवले आणि तब्बल दहा फटके घेतले. पण पुढे सहा होल शिलकीत होते. त्यातल्या पाचांवर त्याने बर्डी केली!