कमरेला कोणतं पिस्तूल लावू? आधी कलेक्टरला विचारा!



जयंतीच्या तयारीची बैठक संपली होती. विहारातल्या सतरंज्या गुंडाळून झाल्या. सेनगाव तालुक्यातल्या एका गावचा पोरगा माझ्याजवळ आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, ह्यातलं कोणतं चांगलंय? रोज कमरंला लावून फिरलं तरी दिसणार नाही असं."

मोबाईलवर एक गोरा माणूस टेबलावर सहा पिस्तुलं मांडून बसला होता. कोणतं हलकं, कोणतं शर्टाखाली दिसत नाही, कोणत्यात किती गोळ्या बसतात, सगळं समजावून सांगत होता.

मी हसलो नाही. रागावलोही नाही. तो पोरगा हौशी नव्हता. त्याच्या गावात मिरवणूक पहिल्यांदाच मुख्य चौकातून जाणार होती आणि "यंदा बघून घेऊ" असा निरोप आधीच आला होता. 1 जून 2023 ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत काय झालं, हे त्याला माहीत आहे. गावात भीमजयंती साजरी झाली, आणि त्याचाच राग धरून बौद्ध तरुणाला चाकूने भोसकून मारलं, असा आरोप आहे. बोंढार हवेली हिंगोलीपासून काही लांब नाही.

म्हणून त्याच्या प्रश्नाला आधी सरळ उत्तर देतो. आपल्या पोरांना उपदेश करणारे खूप आहेत, उत्तर देणारे कमी.

त्या व्हिडिओतली बहुतेक पिस्तुलं 9 मिमीची आहेत. आपल्याकडे ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, आणि त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या हातात आहे. तुम्हाआम्हाला अर्ज करता येतो तो मुख्यतः .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलासाठी. वय किमान 21 लागतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, पोलिसांचा अहवाल येतो, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे गावात तणाव सर्वात जास्त असतो, त्याच महिन्यात ते तुमच्याजवळ नसण्याची शक्यता जास्त.

आता किंमत. दिल्लीच्या बलात्कार प्रकरणानंतर 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .32 चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. पर्समध्ये मावेल असं, वजन अर्धा किलोच्या आसपास. तेव्हाची किंमत सुमारे 1 लाख 22 हजार. रोजगार हमीची महाराष्ट्रातली 2024-25 ची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. भाग देऊन बघा. 410 दिवसांची मजुरी होते. तेव्हाचा कायदा एका कुटुंबाला वर्षात 100 दिवसांच्या कामाची हमी देत होता. म्हणजे आपल्या माउलीने चार वर्षं खड्डे खणायचे, त्यातला एक रुपयाही पोटात घालायचा नाही, मग पर्समध्ये निर्भयता येणार. ती पर्सही वेगळी घ्यावी लागेल.

ही किंमत मी गंमत म्हणून सांगत नाही. बंदूक बाजारातून येते तेव्हा ती आधी ज्याच्याकडे जमीन, ठेकेदारी आणि ओळख आहे त्याच्याकडे जाते. आपापल्या तालुक्यात लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या निवडणुकीत कोणाच्या कमरेला हत्यार दिसतं, ते आठवा. त्यात आपल्या वाड्यातला माणूस किती वेळा दिसला?

परवान्याची वाट आपल्यासाठी बंद आहे, असं मात्र नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 14 काढून वाचा. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. त्याविरुद्ध अपीलही करता येतं. तरी आपल्या एका कार्यकर्त्याला खिडकीवर विचारलं गेलं, "तुझ्याकडं राखायला हाय काय?" त्याच्याकडे राखायला त्याचा जीव होता. त्या खिडकीला तो दिसला नाही.

आता ज्या नियमासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

आपण ॲट्रॉसिटी कायदा म्हणतो तो 1989 चा. त्याचे नियम 1995 चे. आपण कायदा गुन्हा घडल्यावर आठवतो. एफआयआर, कलमं, अटक, जामीन, यातच आपलं सगळं बळ जातं. पण नियम 3 हा गुन्हा घडण्याआधीचा आहे. अत्याचार होण्याची शक्यता असलेलं क्षेत्र शासनाने शोधून निश्चित करायचं, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन परिस्थितीचा आढावा घ्यायचा, असं तो सांगतो. त्याच्यापुढचे तीन उपनियम तोंडपाठ करा. गरज वाटल्यास त्या क्षेत्रातल्या बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. सगळी बेकायदा अग्निशस्त्रं जप्त करायची. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यायचे.

क्रम बघा. आधी अत्याचार करू शकणाऱ्याचं हत्यार काढून घ्या, बेकायदा हत्यार जप्त करा, आणि मग गरज असेल तर आपल्याला द्या. दोन्ही बाजूंना बंदुका वाटून गावात "समतोल" साधायचं हे कलम नाही. ते मुळात निःशस्त्रीकरणाचं कलम आहे, आणि ते ज्याची दहशत आहे त्याच्यापासून सुरू होतं. आपल्यातल्या काही पुढाऱ्यांना यातलं फक्त तिसरं वाक्य आठवतं, कारण त्याच्यावर टाळ्या पडतात. हाथरसनंतर 2020 मध्ये भीम आर्मीचे चंद्रशेखर आझाद यांनी 20 लाख बहुजनांना परवाने आणि हत्यार खरेदीवर 50 टक्के सबसिडी मागितली. त्या मागणीमागचा संताप माझाही आहे. पण सबसिडीची बंदूक येईपर्यंत समोरच्याकडे चार झालेल्या असतील. पहिलं वाक्य सोडून तिसरं मागणं म्हणजे जिथे आपण सर्वात कमजोर आहोत, त्या मैदानात स्वतःहून उतरणं.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. गुन्हेगारांनीही हा हक्क मागितला तर काय, हा त्यांचा मुद्दा होता. राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरणं हे नागरिकाचं कर्तव्य असू शकतं, ही त्यांची मांडणी होती. दुरुस्ती पडली. हे बोलणारा माणूस अहिंसेचा पुजारी नव्हता. महारांची सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून झटणारा तो माणूस होता, आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. हातात बंदूक असण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. पण ती बंदूक कायद्याच्या हुकमातली हवी होती. माझ्या मते त्यामागे साधी गोष्ट आहे. जिथे समाजच उतरंडीचा आहे, तिथे "सर्वांना शस्त्राचा हक्क" याचा अर्थ वरच्या मडक्याला आधी हक्क, असाच होतो. महाडला 1927 मध्ये चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. उलट हल्ला करायला आपली माणसं तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि प्रकरण पोलिसांत, न्यायालयात नेलं. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. ती भित्रेपणाची नाही, हिशेबाची गोष्ट होती.

पोरं म्हणतात, अमेरिकेत काळ्यांनी बंदुका घेतल्या, ब्लॅक पँथरवरूनच आपली दलित पँथर 1972 मध्ये निघाली. बरोबर आहे. पण पुढचंही वाचा. 1956 च्या जानेवारीत माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो त्यालाच धोका नाही, असं ठरवणारा अधिकारी तिथेही होता. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर कायद्याच्या चौकटीत राहून भरलेल्या बंदुका उघड घेऊन फिरू लागले. 1967 मध्ये तिथल्या सरकारने कायदाच बदलला, आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. गोऱ्याच्या हातात होती तोवर ती परंपरा होती, काळ्याच्या हातात आली आणि तो धोका झाला. आणि त्याच देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कर्जाने पिचलेल्या, दारूने पोखरलेल्या आपल्या घरांत ट्रंकेत पिस्तूल ठेवण्याआधी हेही डोक्यात असू द्या.

आता सर्वात कडू गोष्ट. परवान्याचं कोणाला पडलंय, गावठी कट्टा दहा-वीस हजारात मिळतो, असं कुजबुजणारी पोरं मला माहीत आहेत. कट्ट्यासोबत रील टाकणारीही माहीत आहेत. भावांनो, 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. आणि कैदेपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. आपल्या फिर्यादीवर क्रॉस केस टाकायची, हा या गावगाड्याचा जुना डाव. आजवर त्यांना चोरीचा, विनयभंगाचा खोटा कागद रंगवावा लागायचा. तुमच्या कमरेचा कट्टा म्हणजे त्यांच्या हातात आयता मिळालेला खरा पुरावा. त्या दिवसापासून तुम्ही पीडित राहत नाही, आरोपी होता. तुमच्यासोबत अख्खी वस्ती आरोपी होते.

आणि गोळी कोणावर घालणार? आपल्याकडे जातीचं हत्यार बंदूक कधी नव्हतंच. 1978 च्या नामांतराच्या दंगलीत घरं जाळायला रॉकेल आणि काडी पुरली. खैरलांजीला जमाव पुरला. रोजंदारी बंद करायला, गिरणीवर दळण नाकारायला तर काहीच लागत नाही. रात्री घराला शंभर माणसांचा वेढा पडतो, तेव्हा सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर सहाच वेळा वाजतं. आणि परभणी आठवा, आपला जुना जिल्हा. डिसेंबर 2024 मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर वस्त्यांत पोलीस घुसले, आणि कायदा शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तिथे कोणतं पिस्तूल कामाला आलं असतं? कामाला आला तो त्याच्या आईचा अर्ज. ती माउली औरंगाबाद खंडपीठात उभी राहिली, बाळासाहेब आंबेडकर तिच्या वतीने उभे राहिले, आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

इथे तो पोरगा मला म्हणाला, "मग काका, तुमचा अर्ज निघंस्तोर आम्ही मरायचं का?"

नाही. मरायचं नाही, आणि मार खाऊन गप्पही बसायचं नाही. अंगावर आलेल्याला रोखण्याचा स्वसंरक्षणाचा हक्क फौजदारी कायद्यानेच दिला आहे. आधी दंड संहितेत होता, आता न्याय संहितेतही आहे. वस्तीत रात्रीची गस्त लावा, एकट्याने फिरू नका, मोबाईलचा कॅमेरा कट्ट्यापेक्षा आधी काढा. ज्याच्यावर खरंच जीवघेणी पाळत आहे, जो खटल्यातला साक्षीदार आहे, जो गायरानाची लढाई एकटा लढतोय, त्याने परवान्याचा अर्ज जरूर करावा. अर्जात नियम 3 चा उल्लेख करावा आणि नकार लेखी घ्यावा. परवाना मिळाला तर प्रशिक्षण घ्यावं, हत्यार कुलपात ठेवावं आणि तोंड बंद ठेवावं. ज्याची जाहिरात होते ते संरक्षण नसतं.

पण गावाने मिळून करायचं काम वेगळं आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या पाचही तालुक्यांतून, जिथे जिथे धमकी आहे त्या प्रत्येक गावातून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज गेला पाहिजे: आमचं गाव अत्याचारप्रवण म्हणून निश्चित करा, धमकी देणाऱ्यांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारं जमा करा, बेकायदा हत्यारांसाठी झडती घ्या, बंदोबस्त लावा. सोबत माहिती अधिकारात तीन आकडे मागा. जिल्ह्यात एकूण शस्त्र परवाने किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि नियम 3 खाली आजवर किती परवाने रद्द झाले. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. त्या बैठकीत हे आकडे टेबलावर ठेवायला लावा. उद्या काही विपरीत घडलंच, तर "आम्हाला कल्पना नव्हती" हे वाक्य त्या अधिकाऱ्याच्या तोंडून हिरावून घेतलं पाहिजे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी या कायद्यात कलम 4 आहे, ते शोभेला नाही.

त्या रात्री विहारातच मी त्या पोराला वय विचारलं. एकोणीस. म्हणजे कायद्याने अजून दोन वर्षं त्याला परवाना मिळणारच नव्हता. पण अर्जावर सही करायला एकोणीस वर्षं भरपूर आहेत. आम्ही तिथेच कागद लिहिला. गावातल्या बायाबापड्यांच्या सह्या आणि अंगठे त्याने दोन दिवसांत गोळा केले. सोमवारी कलेक्टर ऑफिसात जाऊन आवक क्रमांकासह पोच घेतली आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "काका, आता पुढं?"

आता पुढे पाठपुरावा. दर आठवड्याला त्या खिडकीवर जायचं, आणि एकट्याने नाही, पाच जणांनी. मिरवणूक चौकातूनच जाणार आहे. ती कोणाच्या कमरेच्या जोरावर जाणार नाही. तिच्या वाटेवर बंदोबस्त लावणं आणि धमकी देणाऱ्याच्या कमरेचं हत्यार काढून घेणं हे ज्याचं काम आहे, त्याच्या टेबलावर आपला कागद पडलेला आहे. तुमच्या गावचा कागद कधी पडणार?

जयभीम! जय संविधान!