अम्मीचा वुजू

अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिचे वय ७२ होते. मिरजेच्या रुग्णालयातून अकराव्या दिवशी सुट्टी मिळाली. जीव वाचला होता, अलहम्दुलिल्लाह. पण उजवा हात आणि पाय हलत नव्हता, पाणी पिताना ठसका लागत होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेला सर्वांत जास्त वाव असतो. काही आठवडे एखाद्या लहान पुनर्वसन केंद्रात ठेवा, तिथे रोज व्यायाम होईल आणि रात्री नर्स असेल.

घरात दोन दिवस वाद चालला. "मुलं-सुना असताना अम्मीला बाहेर ठेवायचं? लोक काय म्हणतील?" भाईजान म्हणाले. आम्हा भावंडांनाही तेच वाटत होते. शेवटी भाभी बोलल्या. "दर दोन तासांनी कूस बदलायची, अंथरूण बदलायचं, घास भरवायचा, हे सगळं मीच करणार आहे. करीन मी. पण मला हे कुणी शिकवलेलं नाही. माझ्या हातून चुकलं तर?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. खिदमतीच्या गोष्टी आम्ही सगळे करत होतो. हात मात्र एकट्या भाभींचे धरून चाललो होतो.

केंद्र बारा खाटांचे, तळमजल्यावरचे. पहिल्याच दिवशी तिथल्या सिस्टरने विचारले, "घरी असताना यांचा दिवस कसा जायचा?" आम्ही सांगितले : फजरच्या आधी उठणे, वुजू, नमाज, तिलावत, मग चहा. फिजिओथेरपिस्टने ते ऐकून फाईलमध्ये पहिले उद्दिष्ट लिहिले : 'स्वतः वुजू करणे'. त्यासाठी आधी खाटेच्या कडेला तोल सांभाळून बसायचे, मग खुर्चीत बसून बेसिनपर्यंत जायचे, डाव्या हाताने नळ सोडायचा आणि त्याच हाताने उजवा हात चोळून धुवायचा. कुल्ली करताना पाणी घशात जाऊ नये म्हणून हनुवटी थोडी खाली ठेवायची. तोवर नमाजचे काय, म्हणून मौलाना साहेबांना विचारले. आजारी माणसाची नमाज बसून होते, बसता आले नाही तर पडून इशाऱ्यानेही होते, हे त्यांनी अम्मीलाच फोनवर समजावले. तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

चूक आमची होत होती. आम्ही भेटायला गेलो की प्रेमापोटी तिचे तोंड पुसायचो, घास भरवायचो, केस विंचरायचो. एक दिवस सिस्टर म्हणाली, "तुम्ही आलात की यांचा चांगला हातही काम करायचा थांबतो." त्यानंतर आम्ही ठरवले की रोज कुणीतरी एकाने व्यायामाच्या वेळीच जायचे आणि शिकून यायचे. जेवताना ताठ बसवायचे, घास लहान द्यायचा, कमजोर बाजूच्या गालात अन्न अडकले नाही ना ते पाहायचे, जेवल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. उठवताना कमजोर हाताला कधीच ओढायचे नाही, खांदा दुखावतो.

सगळे गोड नव्हते. पहिले बिल आले तेव्हा कळले की डायपर, औषधे आणि व्यायामाचे पैसे पॅकेजमध्ये नव्हते. रविवारी व्यायाम बंद असायचा, हेही आधी कुणी सांगितले नव्हते. चौथ्या आठवड्यात अम्मीच्या टाचेवर लाल चट्टा दिसला. दाबला तरी लाली जात नव्हती. अंथरुणाच्या जखमेची ती सुरुवात असते, हे आम्हाला तिथेच शिकवले होते, म्हणून लक्षात आले. कूस बदलल्याच्या तक्त्यात आदल्या रात्रीचे दोन रकाने कोरे होते. एअर गादी असली तरी कूस बदलावीच लागते. आम्ही आरडाओरडा केला नाही, लेखी तक्रार दिली. प्रमुख सिस्टरने चूक मान्य केली, रात्रीची पाळी बदलली, टाच उशीवर अधांतरी ठेवली. आठवड्यात चट्टा गेला. कुणी पाहिलेच नसते तर काय झाले असते, या विचाराने आजही धस्स होते.

म्हणून वाचकांना सांगावेसे वाटते. असे केंद्र निवडताना नोंदणी आहे का ते पाहा. रात्री किती जण कामावर असतात, व्यायाम आठवड्यात किती दिवस आणि किती वेळ होतो, पॅकेजबाहेर काय काय आहे, बाईमाणसाला आंघोळ घालायला बाईच असते का, तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. घरच्यांना भेटीची वेळ अगदी मोजून देत असतील तर दुसरीकडे पाहा. आणि ठेवल्यावर रोज जा. आई-वडिलांना उपचारासाठी तिथे ठेवणे म्हणजे त्यांना टाकणे नव्हे. ठेवून न फिरकणे म्हणजे टाकणे.

सहा आठवड्यांनी अम्मी घरी आली. त्याआधी आम्ही न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, बेसिनजवळ खुर्ची ठेवली आणि फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता लावला. त्यात मुलांचीही नावे आहेत.

परवा फजरला नळाचा आवाज आला. अम्मी वुजू करत होती. वेळ खूप लागला, पाय धुताना पाणी दुसऱ्याने ओतावे लागले. भाभी शांत झोपल्या होत्या. त्या रात्रीची पाळी भाईजानची होती.