जनसुनावणी कुणासाठी?

विकासाचा रस्ता नेहमी गरिबाच्याच दारावरून का जातो? अमेरिकेतील सेंट पॉल शहरात १९५० व ६० च्या दशकांत महामार्गासाठी रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती उभी चिरली गेली. पुढे त्याच भागातून मिनियापोलिसपर्यंत लाइट रेल न्यायचे ठरले. गाडी गरिबांच्या मोहल्ल्यांतून जाणार, पण तीन ठिकाणी थांबणारच नाही, असा आराखडा! सरकारचे खर्च-लाभाचे सूत्र आड येते, हे उत्तर. लोक सुनावण्यांत आक्षेप नोंदवत राहिले. जानेवारी २०१० मध्ये ते सूत्रच सैल झाले आणि हॅमलिन, व्हिक्टोरिया, वेस्टर्न ही स्थानके मिळाली.

एनएएसीपीची स्थानिक शाखा व इतर कोर्टातही गेले. बांधकामाच्या काळात दुकानदारांचा जो धंदा बुडेल, त्याचा पुरेसा विचार पर्यावरण अहवालात नाही, असे संघीय न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये ठरवले. काम मात्र थांबवले नाही. वकील म्हणून आम्हाला हा न्याय अर्धाच वाटतो. दुकानाला कुलूप लागल्यावर पुरवणी अहवाल घेऊन करायचे काय? जून २०१४ मध्ये गाडी सुरू झाली.

अर्धा का होईना, तिथे आक्षेपाला कायद्याचा आधार होता. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत मेट्रो रेल्वे नाहीच, म्हणजे त्या अधिसूचनेखाली जनसुनावणीची सक्तीही नाही. मग मेट्रोच्या आड येणाऱ्या झोपडीतल्या माणसाने आपला अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा?